काळी, पांढरी आणि ताम्रपट: नागपूरच्या मातीतला भूतकाळ कसा वाचतात

वऱ्हाड-नागपुरात गावाची जमीन दोन रंगांत सांगतात. पिकते ती काळी आणि माणसं राहतात ती पांढरी. एकाच जागी शेकडो वर्षं चुली पेटल्या, राख-शेण पडलं, मातीच्या भिंती खचल्या आणि त्यांच्यावर नव्या उभ्या राहिल्या, की ती जागा भोवतालच्या वावरापेक्षा हातभर, कधी दोन-तीन पुरुष उंच होते आणि रंगानं फिकी पडते. पुरातत्त्वाचा अभ्यासक नव्या गावात गेला की आधी हेच विचारतो: जुनी पांढरी कुठं आहे? काळ्या रानात उठून दिसणारं, पावसानंतर खापरं उघडी पडणारं फिकं टेकाड म्हणजे एकेकाळी नांदलेलं गाव.

हीच माती खतासारखी चांगली म्हणून गाड्या भरभरून वावरात जाते, भिंती लिंपायला जाते. तिच्याबरोबर खापरं, मणी, जळके दाणेही जातात. वस्तू गेल्या म्हणून जेवढं नुकसान होतं, त्याहून कितीतरी मोठं नुकसान होतं त्या कुठं, कशाखाली आणि कशाच्या शेजारी पडल्या होत्या हे कायमचं पुसलं गेल्यामुळे. भूतकाळाविषयी आपल्याला जे कळतं, ते बहुतेक या 'कुठं'वर उभं आहे.

एक मणी, दोन गोष्टी

कार्नेलियन या तांबूस दगडाचा एक मणी टेबलावर ठेवला तर तो काय सांगेल? दगड कोणता, भोक एका बाजूनं पाडलं की दोन्ही बाजूंनी, पॉलिश कसं आहे. बस्स. तो अडीच हजार वर्षांपूर्वीचा असेल किंवा मागच्या शतकातला. नुसता मणी पाहून खात्रीनं सांगणं अवघड.

आता तोच मणी दगडांच्या वर्तुळात, मुरमाच्या भरावाखाली, माणसाच्या गळ्याच्या हाडापाशी मिळाला असं समजा. जवळ लोखंडी कुऱ्हाड, आतून काळं आणि बाहेरून लाल असं भांडं, पलीकडे घोड्याच्या तोंडातला लगामाचा लोखंडी तुकडा. आता हा मणी घडवणाऱ्या कारागिराची, तो गळ्यात घालून पुरल्या गेलेल्या माणसाची आणि घोड्याला मान देणाऱ्या समाजाची गोष्ट सांगू लागतो. नागपूरहून काटोल रस्त्यावरच्या माहुरझरीला नेमकं हेच झालं. शां. भा. देव यांनी १९७०च्या सुमारास तिथं उत्खनन केलं, तेव्हा माणसांबरोबर घोड्यांचे अवशेष आणि घोड्याच्या तोंडावरचा तांब्याचा अलंकारही मिळाला.

खोदणं नव्हे, उलगडणं

उत्खनन म्हणजे विहीर खणणं नव्हे. जागेवर आधी दोऱ्या-खुंट्यांनी चौकटी आखतात. साधारण पाच किंवा दहा मीटरचे चौकोन करतात आणि दोन चौकोनांच्या मध्ये अर्धा ते एक मीटर माती न खोदता भिंतीसारखी उभी ठेवतात. ही भिंत म्हणजे साक्षीदार. खोदलेलं परत जागी ठेवता येत नाही. पण त्या भिंतीत थरांचा क्रम उभा कापलेला दिसतो आणि शंका आली की परत तपासता येतो. १९४४ ते १९४८ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक असलेल्या मॉर्टिमर व्हीलर यांनी ही शिस्त इथं रुजवली.

खोदायचं ते खोलीच्या हिशोबानं नाही, थराच्या हिशोबानं. 'दर वीस सेंटिमीटरला नवी पिशवी' ही सोय आळशी आहे, कारण जुनी जमीन सपाट नसते. एकाच खोलीवर एका कोपऱ्यात सातवाहन राजांच्या काळाची जमीन आणि दुसऱ्या कोपऱ्यात त्यांच्यानंतर विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटकांच्या काळचा राखेचा खड्डा असू शकतो. म्हणून मातीचा रंग, घट्टपणा किंवा ओल बदलली की हात थांबतो, नवा थर क्रमांक लागतो आणि नवी पिशवी सुरू होते. महत्त्वाच्या वस्तूची तीन मापं घेतात: चौकोनाच्या दोन कडांपासूनची अंतरं आणि ठरवून दिलेल्या एका स्थिर बिंदूपासूनची खोली. उकरलेली माती चाळणीतून जाते. राखट माती पाण्यात ढवळली की जळके दाणे तरंगून वर येतात. ते बारीक कापडावर गोळा करून सावलीतच वाळवायचे. उन्हात घाई केली तर ते तडकतात आणि मग गहू की जव हेही ओळखता येत नाही.

सर्वांत जास्त चुका खड्ड्यांत होतात. समजा, पाचशे वर्षांपूर्वी कुणी धान्यासाठी पेव खणलं आणि ते दोन हजार वर्षं जुन्या थरात उतरलं. पेवाची कड ओळखता आली नाही तर त्यातली नवी खापरं जुन्या थराच्या पिशवीत पडतात आणि तो थर दीड हजार वर्षांनी 'तरुण' होतो. नियम सोपा आहे: थरात मिळालेल्या वस्तूंपैकी सर्वांत अलीकडची वस्तू थराचं वय ठरवते, सर्वांत जुनी नव्हे. जुनं नाणं नव्या माणसाच्या खिशात असू शकतं, पण नवं नाणं जुन्या माणसाच्या खिशात असू शकत नाही.

विदर्भात यात आणखी एक भर पडते ती काळ्या मातीची. उन्हाळ्यात या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगून मिटते. मणी, लहान नाणी, खापराचे बारके तुकडे भेगेतून खाली जातात आणि वर काही खूण उरत नाही. उंदीर-घुशींची बिळं आणि झाडांची मुळंही हेच करतात. त्यामुळे काळ्या मातीत खोलवर मिळालेल्या एकाच लहान वस्तूवर कधी निष्कर्ष बांधू नये. न सरकणारी चूल, फरसबंदी किंवा भिंतीचा पाया यांचीच साक्ष आधी घ्यावी.

शिळावर्तुळं: मत कसं बदललं

नागपूर जिल्ह्यात काळ्या दगडांची वर्तुळं विखुरलेली आहेत. ही जुन्या काळची थडगी. काटोल रस्त्यालगतच्या जुनापाणीला तर त्यांची संख्या तीनशेच्या आसपास भरते. स्टीफन हिस्लॉप हे नागपुरातले मिशनरी आणि भूशास्त्राचे जाणकार. बुटीबोरीजवळच्या टाकळघाटची वर्तुळं पाहून परतताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते नाल्याच्या पुरात बुडाले. पुढं रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्यानं जुनापाणीला खोदकाम करून १८७९ मध्ये त्याचं वर्णन छापलं. त्याला या वर्तुळांत आणि दगडांवरच्या वाटीसारख्या खळग्यांत युरोपातल्या अवशेषांशी साम्य दिसलं.

त्या काळी दुरून आलेल्या टोळ्यांची कल्पना सहज पटत असे, कारण हाती फक्त थडगी होती. थडग्यात घोडा आणि शस्त्रं; म्हणजे हे लोक लढवय्ये आणि भटके असणार. १९६१ मध्ये बी. के. थापर यांनी जुनापाणीची तीन वर्तुळं आधुनिक पद्धतीनं खोदली, तरी प्रश्न उरलाच: हे लोक राहत कुठं होते?

उत्तर पांढरीत होतं. १९६०च्या दशकाच्या शेवटी टाकळघाट-खापाच्या उत्खननात खापाला वर्तुळं आणि टाकळघाटला वस्ती, दोन्हींत त्याच धाटणीची भांडी मिळाली. पुढं पेंच नदीवरच्या नैकुंडला आणि भागीमोहारीलाही घरांच्या जमिनी, चुली, धान्य हाती आलं. नैकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली: वक्र विटांची, भात्याची हवा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्यांसह. भट्टी म्हटली की खनिज आणणारे, कोळसा पाडणारे, भाता चालवणारे आणि त्यांना धान्य पुरवणारे शेतकरी आलेच. 'भटके घोडेस्वार' हे चित्र तिथंच मोडलं. त्याच्या जागी इसवीसनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातला, शेती आणि लोहारकी करणारा गाववाला समाज उभा राहिला. थडगी खोटं बोलत नव्हती. ती फक्त मेलेल्यांविषयी बोलत होती, आणि तेही ज्यांच्यासाठी एवढे गोटे ओढून आणण्याची कुणाला ऐपत होती त्यांच्याविषयी.

ते आतून काळं, बाहेरून लाल भांडंही कारागिरीची साक्ष आहे. भट्टीत भांडं पालथं ठेवलं की आतल्या बाजूला हवा पोचत नाही, काजळी मुरते आणि मातीतलं लोह काळपट राहतं. बाहेरून हवा मिळाल्यामुळे तेच लोह गंजाच्या रंगाचं लाल होतं. एका रंगाच्या सीमारेषेवरून भांडं भट्टीत कसं ठेवलं होतं हे कळतं.

जुनापाणीचे काही दगड आणि त्यांवरचे खळगे आकाशातल्या दिशांशी जुळतात, असंही मत मांडलं गेलं आहे. ते तपासून पाहण्यासारखं आहे. पण वर्तुळातला एक जरी दगड ट्रॅक्टरनं बाजूला सरकवला असेल तर ते गणित कोसळतं, आणि तिथले बरेच दगड जागचे हललेले आहेत.

वय कसं काढतात आणि कुठं फसतात

कार्बन-१४ची कल्पना अशी: झाड जिवंत असेपर्यंत हवेतला किरणोत्सारी कार्बन घेत राहतं. तोडलं की घेणं थांबतं आणि आत असलेला कार्बन-१४ हळूहळू घटतो. ५७३० वर्षांनी निम्मा उरतो, ११,४६० वर्षांनी पाव. २६०० वर्षं जुन्या कोळशात सुमारे ७३ टक्के शिल्लक असतो. पन्नास हजार वर्षांच्या पलीकडे मोजण्याजोगं फारसं काही उरत नाही. पूर्वी चाचणीला काही ग्रॅम कोळसा लागे. आता प्रवेगक यंत्रावर काही मिलिग्रॅम पुरतात, म्हणजे एकच जळका दाणाही चालतो.

हा दाणा कोळशाच्या मोठ्या तुकड्यापेक्षा अधिक विश्वासाचा, कारण तो एका हंगामाचा असतो. सागाच्या तुळईचा गाभा झाड तोडण्याच्या शंभर-दीडशे वर्षं आधीच वाढून थांबलेला असू शकतो. अशी तुळई जळाली तर तिचा कोळसा घराचं वय तेवढंच फुगवतो. नमुना घेताना हात लावायचा नाही, कापसात किंवा कागदात गुंडाळायचा नाही, तोही कार्बनच. धुतलेल्या स्टीलच्या चिमट्यानं उचलून ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये ठेवायचा आणि मुळांचे केस निवडून काढायचे.

अहवालात आलेला '२४५० वर्षांपूर्वी' हा आकडा आजपासून मोजायचा नसतो. तो १९५० सालापासून मागे मोजतात. शिवाय हवेतला कार्बन-१४ दर शतकात सारखा नव्हता, म्हणून झाडांच्या वर्षवलयांवरून बनवलेल्या वक्ररेषेवर तो आकडा दुरुस्त करावा लागतो. आणि इथंच विदर्भाचं दुर्दैव आहे. इसवीसनपूर्व ८०० ते ४०० या काळात ती रेषा जवळजवळ सपाट झाली आहे. या चार शतकांतला कोणताही कोळसा साधारण सारखाच आकडा देतो, आणि आपल्या शिळावर्तुळांचा मोठा भाग याच काळात पडतो. 'हे वर्तुळ इसवीसनपूर्व ६५०चंच' असं कुणी एका चाचणीवरून छातीठोक सांगत असेल तर ते मानू नये. उपाय एकच: एकावर एक असलेल्या थरांतले अनेक नमुने तपासायचे आणि थरांचा क्रम गणितात घालायचा.

मातीच्या भांड्याला शेवटची आच कधी लागली किंवा वाळूच्या कणानं शेवटचं ऊन कधी पाहिलं, हे त्यांत साठलेल्या ऊर्जेवरून काढण्याची पद्धतही वापरतात. त्यासाठी थराच्या भिंतीत पोलादी नळी ठोकून, दोन्ही तोंडं काळ्या आवरणानं बंद करून नमुना काढतात. मध्ये क्षणभर उजेड लागला तर घड्याळ शून्यावर येतं.

लेख बोलतात, पण कुणाच्या वतीनं?

लेखन आलं की पुरातत्त्वाचं काम संपतं असा समज आहे. तो चुकीचा आहे. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, १८६३ मध्ये स्थापन झालं. तिथं चंद्रपूर जिल्ह्यातल्या देवटेकची शिळा आहे. एकाच दगडावर दोन लेख: एक अशोककाळचा, प्राणी पकडण्या-मारण्यावर बंदी घालणारा, आणि दुसरा त्यानंतर पाचशेहून अधिक वर्षांनी, वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याच्या काळातला. दगड एकच असताना काळ वेगळे हे ठरतं अक्षरांच्या वळणावरून. वाकाटकांच्या अक्षरांच्या डोक्यावर बारकी चौकोनी पेटी असते. अशोककाळच्या ब्राह्मीत ती नसते.

शिलालेख वाचण्यासाठी ठसा घेतात. दगड साध्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं धुतात, त्यावर ओला कागद चिकटवतात, ब्रशनं हलके थोपटून तो कोरीव खोबणीत बसवतात आणि अर्धवट सुकला की शाईची गादी वरून टिपतात. अक्षरं पांढरी राहतात, बाकी कागद काळा. शाई फार ओली असेल किंवा कागद पुरेसा सुकला नसेल तर शाई खोबणीत उतरते आणि अनुस्वार, मात्रा बुजतात. अक्षरांत खडू भरून फोटो काढण्याची सवय तर पूर्ण सोडावी. खडू भरणारा त्याला दिसतं ते अक्षर भरतो, दगडात आहे ते नव्हे.

वाकाटकांच्या ताम्रपटांत मोठी अडचण वर्षांची. त्यांत राजाच्या कारकिर्दीचं वर्ष असतं, संवत्सराची गणना नाही. वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेचा पुण्यात मिळालेला ताम्रपट नंदिवर्धन या राजधानीहून दिलेला, तेराव्या वर्षाचा आहे. तेरावं, पण कधीपासूनचं? इथं तिचं माहेर मदतीला येतं. त्या ताम्रपटात वंशावळ आहे ती गुप्तांची, आणि ती स्वतःला दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, (दुसऱ्या) रुद्रसेनाची राणी आणि युवराज दिवाकरसेनाची आई म्हणवते. गुप्तांचा काळ ठाऊक असल्यामुळे विदर्भाचा काळ त्याला बांधता आला. वाशीम जिल्ह्यातल्या हिस्से-बोराळा इथला वाकाटक राजा देवसेनाच्या काळातला लेख मात्र शक ३८०चा आहे. ७८ मिळवले की इसवीसन ४५८. असा एक आकडा सगळ्या कालपटाला खुंटीसारखा उपयोगी पडतो.

ताम्रपट हे जमिनीच्या दानाचे कागद आहेत, राजानं राजासाठी लिहवलेले. शेतकऱ्याचं नाव त्यांत सहसा नसतं. पण दान दिलेल्या गावाला काय काय माफ, याची यादी असते: सैनिकांनी गावात शिरायचं नाही, गावाकडून गाई-बैल, फुलं-दूध, चामडं-कोळसा घ्यायचं नाही, मीठ काढायचं नाही. ही यादी उलटी वाचा. दानात न गेलेल्या गावांकडून हे सगळं घेतलं जात होतं. राजाच्या औदार्याच्या कागदातून रयतेचं ओझं बाहेर येतं, आणि मला तरी यासाठीच हे ताम्रपट राजांच्या पराक्रमापेक्षा मोलाचे वाटतात.

माती आणि लेख समोरासमोर

ताम्रपटातलं नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचं नगरधन, हे मत प्राचीन लेखांचे अभ्यासक वा. वि. मिराशी यांनी अनेक दशकं लेखांच्या आधारे मांडलं. २०१५ ते २०१८ या काळात राज्य पुरातत्त्व विभाग आणि डेक्कन कॉलेज यांच्या उत्खननात नगरधनला मातीची अंडाकृती मुद्रा मिळाली. तिच्यावर प्रभावतीगुप्तेचं नाव आणि शंखाचं चिन्ह आहे. ताम्रपट एका गावाहून दुसऱ्या गावी जाऊ शकतो. पत्र किंवा गाठोडं बंद करायला लावलेली मातीची कच्ची मुद्रा मात्र फोडून टाकतात तिथंच पडते. म्हणून तिची साक्ष एवढी जड.

सगळीकडे असा सलोखा होत नाही. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचं पवनार, असं मिराशींचं म्हणणं होतं. १९९८ पासून रामटेकजवळच्या मनसरला जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांनी उत्खनन केलं, तेव्हा विटांचं प्रचंड बांधकाम आणि 'प्रवरेश्वर', म्हणजे प्रवरसेनाच्या नावावरचा शिव, असं नाव असलेल्या मुद्रा मिळाल्या आणि पारडं मनसरकडे झुकलं. तिथल्या हिडिंबा टेकडीचं काय, हाही वाद आहे. कुणी त्यात बौद्ध अवशेष पाहिले, कुणी वाकाटकांचं शिवमंदिर. दगड-विटा त्याच, वाचणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. मुद्रांचं वजन पाहता मंदिराचा पक्ष बळकट आहे.

कधी नाणी ग्रंथांना दुरुस्त करतात. १९३९ मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला सातवाहनांच्या दीड हजारांवर नाण्यांचा साठा मिळाला. त्यात कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी अशी राजांची नावं होती, जी पुराणांतल्या यादीत नाहीत. पुराणांची यादी टाकाऊ ठरली नाही. ती अपुरी ठरली.

वावरात काही सापडलं तर

नागपूरभोवती आता वखरापेक्षा जेसीबी जास्त खोल जातो. लेआउट पडतात, मुरूम रस्त्याला जातो, वर्तुळाचे गोटे धुऱ्यावर नाहीतर गिट्टी खदानीत. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढं २०० मीटर परवानगी लागते. पण बहुतेक पांढऱ्या कोणत्याच यादीत नाहीत. तिथं पहिला निर्णय मालकाचा आणि ड्रायव्हरचा असतो.

वस्तू दिसली की यंत्र थांबवावं आणि ती जागेवरच ठेवावी. शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून फोटो काढावा: एक जवळून, एक लांबून, झाड किंवा विहीर दिसेल असा. मोबाइलवर ठिकाण नोंदवावं. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही जमिनीत दडलेलं मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं १८७८च्या कायद्यानं बंधनकारक आहे. तलाठ्याकडून सुरुवात केली तरी चालते.

नाणं चिंचेनं किंवा लिंबानं उजळू नये. हिरव्या थराबरोबर अक्षरं निघतात. भांड्यातली माती रिकामी करू नये, शेवटचं काय शिजलं-साठवलं ते त्याच मातीत असतं. वस्तू आधीच उचलली गेली असेल तरी सगळं हातचं गेलेलं नसतं. त्याच दिवशी एका चिठ्ठीवर गट क्रमांक, विहिरीपासून किती पावलं आणि कोणत्या दिशेला, किती हात खोल, माती काळी होती की राखट, शेजारी आणखी काय होतं, एवढं लिहून ती चिठ्ठी वस्तूबरोबर पिशवीत टाकावी. चिठ्ठी पेन्सिलनं लिहावी. ओल लागली की शाई पसरते, पेन्सिल टिकते.